कुंडीतली चवळी, कुंपणावरची चवळी: तुमच्याकडे कशी येते?

निवांत
९ ऑगस्ट, रात्री ९:५२

टोमॅटो, मिरची, पुदिना ह्यांच्यावर इथे ढिगाने धागे आहेत आणि चवळीवर एकही नाही. शोधलं तर दोन-तीन पाककृती मिळाल्या, बास. म्हणून हा काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, गच्चीवर पहिल्यांदा भाजी लावणाऱ्याने टोमॅटोच्या नादाला लागूच नये, चवळी लावावी. बी मोठं असतं त्यामुळे पेरताना चिमटीत धरता येतं, चार-पाच दिवसांत वर येतं, आणि एप्रिल-मे मध्ये पुण्यात गच्चीवर बाकी सगळं माना टाकून बसतं तेव्हा ही मजेत वाढत असते. खायचं म्हणाल तर मंडईतल्या जुड्या बऱ्याचदा दोन दिवसांच्या शिळ्या असतात, मधे मऊ पडलेल्या, टोकाशी दाणे फुगलेले. घरची शेंग सकाळी तोडून दुपारी फोडणीला टाकली की ती वेगळीच भाजी वाटते, शेंग गोडसर लागते आणि शिजायला दहा मिनिटं पुरतात.

पद्धत काही खास नाही. १२ इंची कुंडी किंवा ग्रो बॅग, निम्मी बागेतली माती, उरलेल्यात शेणखत आणि थोडं कोकोपीट, खालची भोकं मोकळी. बी बोटाच्या एका पेराएवढं खोल. एका कुंडीत तीन बिया टाकायच्या आणि दोन रोपं ठेवायची. किमान सहा तास ऊन पाहिजेच, सावलीतल्या बाल्कनीत उगीच आशा लावून बसू नका. मी फेब्रुवारीच्या शेवटी एकदा आणि पाऊस सुरू झाला की जूनमध्ये एकदा लावतो. थंडीत लावत नाही, डिसेंबरात रोप नुसतं बसून राहतं.

वाणांबद्दल: जागा कमी असेल तर झुडूपवजा वाण घ्या, पुसा कोमल किंवा काशी कंचन, ह्यांना आधार लागत नाही. जाळी बांधायची तयारी असेल तर बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेची अर्का मंगला, तिच्या शेंगा हातभर लांब होतात, पाहुणे आले की हमखास फोटो काढतात.

आणि एक, दोन कुंड्यांत भाजी होत नाही. चार माणसांना एका वेळची भाजी एकदम हवी तर दहा-बारा वेल पाहिजेत. नाहीतर रोज चार-चार शेंगा फ्रीजमध्ये साठवत बसावं लागतं.

तुमचे अनुभव लिहा, फोटो पण टाका.


खवचट_काका
९ ऑगस्ट, रात्री १०:१५

दहा-बारा वेल, सहा कुंड्या, माती, खत, जाळी, रोजचं पाणी, आणि शेवटी एका वेळची भाजी. त्यापेक्षा मंडईत ओळखीची बाई धरा, ती कोवळ्या शेंगा बाजूला काढून ठेवते.

(चालू द्या, वाचतोय.)


निवांत
९ ऑगस्ट, रात्री १०:३१

काका, एका वेळची भाजी दर दोन-तीन दिवसांनी, महिना-दीड महिना. मंडईतल्या बाईंचा नंबर व्यनि करा, थंडीत लागेल.


शेवंती
१० ऑगस्ट, सकाळी ११:०४

अगदी वेळेवर धागा काढलात. मी ठाण्याला राहते, तिसरा मजला, दक्षिणेचं ऊन भरपूर येतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात चवळी लावली, बी सासरहून आणलेलं, कणकवलीजवळचं गाव आहे, तिथे सासूबाई वर्षानुवर्षं हेच बी धरतात. वेल असा काही वाढलाय की ग्रिलमधून बाहेर पडून वरच्या मजल्यावर पोचलाय, वरच्या काकूंनी दोनदा प्रेमाने आणि एकदा कमी प्रेमाने आठवण करून दिली. पानं तळहाताएवढी आणि गडद हिरवी, कीड नाही, रोग नाही, फक्त फूल नाही. एकही नाही. दीड-दोन महिन्यांत शेंगा यायला हव्या होत्या ना? काय द्यायचं राहिलंय ह्याला?


मठ्ठ_माळी
१० ऑगस्ट, दुपारी १२:२०

द्यायचं काही राहिलेलं नसणार, उलट जास्त झालं असेल. पानं गडद हिरवी आणि फूल नाही म्हणजे पहिला संशय नत्रावर. खत काय काय घातलंत?

चवळी द्विदल आहे, तिच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र तिला देतात. वरून आपण भरपूर नत्र दिला की वेल आळशी होतो, गाठी धरत नाहीत आणि सगळा जोर पानांत जातो. लावताना मातीत मिसळलेलं शेणखत पुरतं, नंतर फार तर फुलं यायच्या सुमारास थोडी लाकडाची राख. युरिया, शेणाची स्लरी, दर आठवड्याचं गांडूळखत, हे सगळं पालकाला द्या.

गाठी बघायच्या असतील तर एखादं जादाचं रोप अलगद मातीसकट काढा आणि मुळं पाण्यात धुवा. गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी-लालसर दिसली पाहिजे, म्हणजे काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.


शेवंती
१० ऑगस्ट, दुपारी १:४५

माळीबुवा, गांडूळखत फक्त लावताना घातलं होतं हो, नंतर काहीच नाही, पावसात खत द्यायला जातंय कोण. एका कुंडीत तीन रोपं होती त्यातलं एक उपटून बघितलं. गाठी आहेत, मोहरीएवढ्या, खूप आहेत. फोडल्यावर गुलाबी.


मठ्ठ_माळी
१० ऑगस्ट, दुपारी २:१०

मग माझं निदान बाद. ऊन आहे, गाठी आहेत, खत नाही. जाणकारांच्या प्रतीक्षेत.


तांबडीमाती
१० ऑगस्ट, रात्री ८:३७

शेवंतीताई, वेल उपटू नका, तो बरोबर आहे, महिना चुकीचा आहे.

मी कुडाळचा. आमच्याकडे ही गावठी चवळी जूनमध्ये कोण लावत नाही. भात कापून झालं की मळ्यात जी ओल राहते तिच्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात चवळी, कुळीथ, वाल असं पेरतात. पाणी द्यायचं नाही, खत द्यायचं नाही, दवावर आणि ओलीवर पीक येतं. ह्या जुन्या वाणांना फुलायला लहान दिवस लागतो, म्हणजे खरं तर लांब रात्र लागते. जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, तोवर हे वेल नुसते पसरत राहतात. दिवस बारा तासांवर आला, म्हणजे सप्टेंबरचा शेवट, की एकदम सगळ्या पेरांतून कळ्या काढतात. तुमच्या सासूबाईंना फोन करून विचारा बी कधी पेरतात, मी म्हणतो तेच सांगतील.

निवांत यांनी दिलेले वाण विद्यापीठांनी, संस्थांनी काढलेले आहेत, त्यात ही दिवसाच्या लांबीची अट काढून टाकलेली आहे म्हणून ते फेब्रुवारीत पण येतात, जूनमध्ये पण येतात. आमच्या दापोलीच्या विद्यापीठाचा कोकण सदाबहार म्हणून आहे, तो पण तसाच, कधीही पेरा, पण तो मुख्यतः दाण्यासाठी.

म्हणून बी घेताना पहिलं विचारायचं ते वाणाचं नाव नाही, ते बी तिथले लोक कुठल्या महिन्यात पेरतात ते. निम्मी गडबड तिथेच मिटते.

आत्ता काय करायचं: वेलाचे शेंडे खुडा. खाली फांद्या फुटतील, वरच्या काकू पण खूश. खुडलेले कोवळे शेंडे आणि पानं लसूण-मिरचीवर परतून खाता येतात, थोडी जून असतील तर आधी वाफवून घ्या. आणि ऑक्टोबरपर्यंत थांबा.


शेवंती
१० ऑगस्ट, रात्री ९:२२

फोन केला. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "पावसात चवळी? कोणी सांगितलं तुला?" म्हणजे तुम्ही शंभर टक्के बरोबर. हे पाकिटावर कोण लिहितं का सांगा! (पाकीटच नव्हतं म्हणा, जुन्या साडीच्या कापडात बांधून दिलं होतं.)


गोंयचो_पाव
११ ऑगस्ट, सकाळी ७:५०

तांबडीमाती +१. गोव्यात आमचे अळसांदे म्हणजे हाच प्रकार, दाणा मोठा आणि चवीला बाजारातल्या चवळीपेक्षा कितीतरी भरीव. भाताचं पावसाळी पीक निघालं की वायंगणाच्या (रब्बी) हंगामात शेतात घालतात. मापुशाच्या बाजारात मार्चच्या पुढे नवे अळसांदे येतात तेव्हा वर्षाचे भरून ठेवायचे. कुंडीत लावायचे असतील तर दिवाळीच्या आसपास, त्याआधी हात लावू नये.

अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे दाट रस्सा, कसं करतात ते कोणी विचारलं तर लिहीन, न विचारता लिहिलं तर धागा पाककृती विभागात हलवतील.


वऱ्हाडी_ठेचा
११ ऑगस्ट, सकाळी १०:१२

आमच्या इकडे नागपूर-वर्धा साइडला बरबटी म्हणतात, भाजीची पण बरबटी आणि दाण्याची पण बरबटी. घरामागे दोन ओळी आहेत, जून एंडला टाकल्या, शेंगा चालू झाल्या. पण अळीने वैताग आणलाय. शेंगेला बारीक भोक, भोकाच्या तोंडाशी ओलसर भुसा, आत उघडलं तर दाणे पोखरलेले आणि पिठूळ रंगाची अळी, अंगावर काळे ठिपके. फुलं पण एकमेकाला चिकटल्यासारखी जाळी होऊन गळतात. फवारणी न करता काही उपाय?


मठ्ठ_माळी
११ ऑगस्ट, दुपारी १२:०५

ही शेंगा पोखरणारी ठिपक्यांची अळी, तुरीवर पण तीच येते, ढगाळ दमट हवेत जास्त. खरी सुरुवात फुलांत होते, शेंगेत दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून शेंगा बघत बसू नका, रोज सकाळी फुलं बघा. चिकटलेली, जाळी धरलेली फुलं-कळ्या दिसल्या की तोडून साबणाच्या पाण्यात टाका. जमिनीवर गळलेली पण उचला, झाडाखाली ठेवू नका. दोन ओळींना दहा मिनिटं लागतात.

फवारायचंच झालं तर ५ टक्के निंबोळी अर्क, किंवा बीटी (जिवाणूपासून केलेलं औषध) मिळतं कृषी केंद्रात, ते फक्त अळ्यांवर चालतं, मधमाशांना काही करत नाही. काहीही असो, संध्याकाळी फवारा. चवळीचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, सकाळी फवारलंत तर फुलावरच्या माशा विनाकारण भिजणार.

दाट लावली असेल तर पुढच्या वेळी अंतर वाढवा, झुडूप वाणाला ओळीत एक फूट तरी, वेलाला दोन फूट. हवा खेळली की ही अळी आणि पुढे येणारी भुरी (पानांवरची पांढरी बुरशी), दोन्ही कमी.


कोरडवाहू
११ ऑगस्ट, दुपारी ३:३०

माझ्याकडे अळी नाही पण मुंग्या! शेंगांच्या देठांवर रांगा लागल्यात. मुंग्या आल्या म्हणजे मावा येणार, म्हणून मी बुंध्याशी मुंग्यांची पावडर टाकली. बरोबर ना?


मठ्ठ_माळी
११ ऑगस्ट, दुपारी ४:०२

भाजीच्या कुंडीत मुंग्यांची पावडर टाकू नका. मावा प्रत्यक्ष दिसतोय का? काळा चकचकीत, कोवळ्या शेंड्यावर आणि फुलाच्या दांड्यावर गर्दी करून बसतो, हात लावला की चिकट लागतं.


कोरडवाहू
११ ऑगस्ट, दुपारी ४:२५

मावा एकही नाही. म्हणूनच तर विचारतोय, मग मुंग्या कशाला आल्या?


तांबडीमाती
११ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१८

चवळीच्या फुलदांड्यावर, जिथे फुलांची जोडी येते त्याच्या मधे, छोट्या मधाच्या ग्रंथी असतात. फुलाच्या बाहेर. भिंग घेऊन बघा, थेंब चमकतो. मुंग्या त्यासाठी येतात, गांधीलमाशा पण येतात. हा चवळीने स्वतःच लावलेला पहारा आहे, मुंग्या दांड्यावर फिरत राहिल्या की बारक्या अळ्या, अंडी उचलून नेतात. आमच्याकडे चवळीवर मुंगी दिसली की कोण मनावर घेत नाही.

मावा आला की मात्र त्याच मुंग्या बाजू बदलतात, माव्याचा गोड रस पितात आणि त्याला राखतात पण, मावा खाणाऱ्या लेडीबर्डला जवळ येऊ देत नाहीत. तेव्हा मुंगी दिसली म्हणून घाबरू नका आणि निश्चिंत पण होऊ नका, शेंडे उलटून बघा.


कोरडवाहू
११ ऑगस्ट, रात्री ८:००

हे मला बिलकुल माहीत नव्हतं. पण घरात स्वयंपाकघरापर्यंत रांग येते त्याचं काय, बायको चवळी आणि मी दोघांनाही बाहेर काढेल.


निवांत
११ ऑगस्ट, रात्री ८:२६

कुंडीखाली पाण्याची ताटली आणि ताटलीत विटेचा तुकडा, त्यावर कुंडी. ताटलीत डास होतात म्हणून दोन दिवसांनी पाणी बदलायचं. वेल भिंतीला किंवा ग्रिलला टेकत असेल तर उपयोग शून्य, मुंग्या तिकडून येतील.

माव्याचं माझं: नळाला पाइप लावून शेंड्यांवर जोरात पाण्याचा फवारा, लागोपाठ दोन-तीन सकाळी. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब. दुर्लक्ष मात्र करू नये कारण मावा नुसता रस पीत नाही, मोझॅकचा व्हायरस एका वेलावरून दुसऱ्यावर नेतो. पानं पिवळी-हिरवी चट्टेरी, आकसलेली दिसली की तो वेल सरळ उपटायचा, औषध नाही त्याला. आणि त्या वेलाचं बी पण धरायचं नाही, रोग बियातून पुढे जातो.


वऱ्हाडी_ठेचा
१२ ऑगस्ट, सकाळी ९:४०

माळीभाऊ, आज सकाळी फुलं तपासली, जाळीवाली मूठभर निघाली, आत बारक्या अळ्या. थँक्यू. रोज करतो.

बदल्यात बरबटीचे वडे घ्या. सुकी बरबटी रात्रभर भिजवायची, सकाळी निथळून पाणी न टाकता जाडीभरडी वाटायची, मिक्सरमध्ये वाटत असाल तर थांबून थांबून. त्यात हिरवी मिरची-लसूण-जिऱ्याचा ठेचा, कोथिंबीर, हळद, मीठ, थोडे तीळ. ओल्या हातावर थापून तेलात खरपूस. बारीक पेस्ट झाली की वडा मेला समजा. कढीसोबत खा नाहीतर नुसते ठेच्यासोबत, पाऊस पाहिजे बाहेर.


लेगोसहून_परत
१२ ऑगस्ट, दुपारी १:१५

वडे वाचून राहवलं नाही. कामानिमित्त काही वर्षं नायजेरियात होतो, तिथे रस्त्यावर सकाळी ‘अकारा’ मिळतो, तो म्हणजे चवळीचा वडाच. फरक एवढा की ते भिजवलेली चवळी हातांनी चोळून सालं पाण्यावर तरंगवून काढून टाकतात, मग कांदा-लाल मिरची घालून बारीक वाटतात आणि पीठ फेटून फेटून हलकं करतात. आपल्या वड्यापेक्षा भज्याच्या जवळचं, आतून जाळीदार. तेच पीठ पानात किंवा डब्यात घालून वाफवलं की ‘मोइन मोइन’.

चवळी मूळची आफ्रिकेचीच आहे, आणि आजही जगात सगळ्यात जास्त चवळी नायजेरियात पिकते. तिथल्या इबादान शहरात आंतरराष्ट्रीय कृषी संस्था आहे, चवळीच्या वाणांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह तिच्याकडे. बाजारात गेलं की पोती उघडी असतात, पांढरी, तपकिरी, लाल, डोळ्याची, बिनडोळ्याची. ‘ओलोयिन’ म्हणून तपकिरी चवळी मिळते, शिजली की गोडसर लागते, तिची मी घरी आपली साधी उसळ करायचो, गोडा मसाला पुण्याहून नेलेला, आमसूल पण. स्वयंपाकाला मदत करणारा मुलगा आधी साशंक होता, नंतर डबा भरून घरी न्यायला लागला.

सकाळचं अजून एक, पूर्ण गळेपर्यंत शिजवून घोटलेली चवळी, वर काळपट तिखट मिरचीचा रस्सा, आणि सोबत मऊ पाव. गोंयचो_पाव यांना आवडेल.


गोंयचो_पाव
१२ ऑगस्ट, दुपारी २:३०

आवडेल काय, आम्ही रोज तेच खातो! अळसांद्यांचं तोणाक आणि पाव. आता विचारलं असं समजून लिहितो.

अळसांदे रात्री भिजवायचे, सकाळी मीठ घालून शिजवायचे, दाणा अख्खा राहिला पाहिजे पण दाबला की लोण्यासारखा. मसाल्याला कांदा उभा चिरून भाजायचा, मग ओलं खोबरं चांगलं तांबूस होईपर्यंत, घाई केली की तोणाक फिकं पडतं. धणे, मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, सुक्या मिरच्या थोड्या तेलावर. हळद, चिंचेचं बोटुक, सगळं गुळगुळीत वाटायचं. फोडणीत थोडा कांदा, त्यावर वाटण, दाणे शिजवलेल्या पाण्यासकट, बटाट्याच्या फोडी आवडत असल्या तर. दाट ठेवायचं. सकाळी केलेलं संध्याकाळी जास्त चांगलं लागतं.


पीचट्री
१२ ऑगस्ट, रात्री ११:४८

अटलांटाहून लिहितेय. इथे दक्षिणेत चवळी घरोघरी आहे, ‘सदर्न पी’ म्हणतात, नर्सरीत दहा प्रकारचं बी मिळतं. गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या माणसांबरोबर हे पीक इथे आलं आणि रुजलं. १ जानेवारीला चवळी-भात खायची पद्धत आहे, हॉपिन जॉन नाव त्याचं, बहुतेक ठिकाणी त्यात डुकराचं मांस असतं म्हणून मी आपली मसाला घालून चवळीची खिचडी करते आणि शेजारणीला देते, वर्ष चांगलं जाण्याशी मतलब.

लावायचं म्हणाल तर मी इंडियन स्टोअरमधल्या खायच्या चवळीच्याच मूठभर बिया टाकते, छान उगवतात. फक्त घाई करायची नाही, एप्रिलमध्ये हवा गरम वाटली तरी माती गार असते, बी कुजतं. मे मध्ये टाकलं की आठवड्याच्या आत वर. इथली खास कीड म्हणजे कुर्कुलिओ नावाचा सोंडकिडा, शेंगेला टोचून आत अंडी घालतो, त्याच्यासाठी शेंगा कोवळ्या असतानाच तोडणं हा एकच उपाय मला पटलाय.

आणि कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवतो का कोणाला, आपल्याकडे शाळेत असताना ज्याच्याबद्दल वाचलेलं असतं आणि फक्त शेंगदाणा लक्षात राहतो? शेजारच्या अलाबामात टस्कीगीला होता तो. कापसाने थकलेल्या जमिनीत चवळी लावा म्हणून त्याने शेतकऱ्यांच्या मागे लागून लागून सांगितलं, आणि १९१७ मध्ये चवळी कशी पिकवायची आणि तिचे चाळीस पदार्थ कसे करायचे अशी पत्रिकाच काढली.


खवचट_काका
१३ ऑगस्ट, सकाळी ८:१०

चाळीस! आमच्या घरी दोन होतात, उसळ आणि "परत उसळ".

असो. बाल्कनीत दोन तास ऊन येतं. आहे का काही आशा? (मंडईतल्या बाई गावी गेल्यात.)


निवांत
१३ ऑगस्ट, सकाळी ८:४५

दोन तासांत शेंग नाही काका. सोसायटीच्या गच्चीचं बघा, सेक्रेटरींना पहिल्या शेंगा देण्याचं कबूल करा.


शेवंती
१३ ऑगस्ट, सकाळी १०:३०

शेंडे खुडले, परतून खाल्ले, चांगले लागले, थोडे मेथीसारखे उग्र पण कडू नाहीत. आता दोन प्रश्न. ऑक्टोबरात शेंगा आल्या की त्या भाजीसाठी कधी तोडायच्या आणि बियासाठी किती ठेवायच्या? आणि दुसऱ्या जातीची चवळी शेजारच्या कुंडीत लावली तर बी बिघडेल का?


तांबडीमाती
१३ ऑगस्ट, दुपारी १:०२

भाजीची शेंग वाकवली की टच् करून मोडली पाहिजे आणि बाहेरून दाण्याचे उंचवटे दिसता कामा नयेत. दिवसाआड तोडा. दोन-चार शेंगा वेलावर जून होऊ दिल्या की वेलाला वाटतं काम झालं, फुलं कमी करतो. म्हणून बी धरायला शेवटचा बहार ठेवा किंवा एखादा वेगळा वेलच राखून ठेवा, त्याला भाजीसाठी हात लावायचा नाही.

बी बिघडायची काळजी नको, चवळीचं फूल उमलायच्या आतच स्वतःच्या परागाने फळतं. क्वचित एखादं बी वेगळं निघतं, रंगाने ओळखू येतं, काढून टाकायचं.

हंगाम संपला की वेल मुळासकट उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आणि गाठी मातीत कुजू देत, त्याच कुंडीत पुढे वांगी किंवा मिरची लावा.


मठ्ठ_माळी
१३ ऑगस्ट, दुपारी १:४०

त्यात एक भर. नव्या कुंडीत, नुसत्या कोकोपीट-गांडूळखतात चवळी पहिल्या वर्षी फिकी आणि खुरटी राहते, कारण त्यात गाठींचे जिवाणूच नसतात. कृषी विद्यापीठात, कृषी केंद्रात रायझोबियमचं पाकीट मिळतं, २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियांना असतं म्हणजे आपल्याला चमचाभर फार झालं. गुळाच्या पाण्याने बी ओलसर करून त्यात घोळवा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी लावा. पाकीट नसेल तर ज्या शेतात चवळी, मूग किंवा भुईमूग होता तिथली ओंजळभर माती आणून मिसळा, ह्या सगळ्यांना एकाच गटातले जिवाणू चालतात.


कोरडवाहू
१३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

पेरायच्या आधी बी भिजवायचं का नाही हे कोणी बोललंच नाही. आमच्या ग्रुपवर सगळे रात्रभर भिजवा म्हणतात.


निवांत
१३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४१

मी भिजवत नाही. उन्हाळ्यात फार तर तासभर. रात्रभर पाण्यात राहिलेलं बी ओल्या गच्च मातीत गेलं की फुगून फुटतं आणि सडतं, विशेषतः पावसाळ्यात. पेरल्यावर एकदा नीट पाणी, मग कोंब दिसेपर्यंत माती नुसती दमट ठेवायची.


वऱ्हाडी_ठेचा
१३ ऑगस्ट, रात्री ९:०५

आमच्याकडे वानरांचा उपाय कोणाला माहीत आहे का? काल दुपारी टोळी येऊन गेली, शेंगा खाल्ल्या ते ठीक, वेल ओढून ओढून तोडले.


तांबडीमाती
१३ ऑगस्ट, रात्री ९:३०

वानरांवर उपाय निघाला की आधी कोकणात कळवा.


शेवंती
१४ ऑगस्ट, सकाळी ९:१५

शेवटचं विचारते. मागच्या वर्षी डब्यात ठेवलेल्या चवळीला दोन महिन्यांत भोकं पडली आणि बारके तपकिरी भुंगे निघाले. डबा घट्ट होता, तरी कसे शिरले? सासूबाई राख लावून ठेवतात, इमारतीत राख कुठून आणू?


गोंयचो_पाव
१४ ऑगस्ट, सकाळी ११:००

बाहेरून शिरत नाहीत, शेतातूनच येतात. सुकत आलेल्या शेंगेवर भुंगा अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते आणि आपण तिच्यासकट डबा बंद करतो. बियांवर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर तीच अंडी. शेंगा वेलावर फार दिवस ठेवू नका, सुकली की लगेच काढा.

राख नसेल तर किलोला चमचाभर एरंडेल चोळा, खायच्या चवळीला आमच्याकडे तेच करतात. आणि पेरायच्या बियांना सोपं म्हणजे फ्रीझर. आधी कडक सुकवायच्या, दाताखाली कट्कन फुटलं पाहिजे, दात रुतला किंवा बोथट दबलं तर अजून ऊन द्या. मग हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये, अंडी-अळ्या सगळं मरतं, बी मरत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बियांवर पाणी सुटतं आणि सुकवलेलं सगळं वाया.